मातोस यांचे सात महिने

लुईस नॉर्टन डी मातोस यांचा जन्म १४ डिसेंबर १९५३ रोजी लिस्बनमध्ये झाला. खेळाडू म्हणून ते आक्रमक फळीतले. पोर्तुगालच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये बेलेनेन्सेस आणि पोर्टिमोनेन्से या क्लबांकडून त्यांनी बरीच वर्षे काढली, आणि मधली तीन वर्षे, १९७८ ते १९८१, बेल्जियममधल्या स्टँडर्ड लिएज या क्लबात घालवली. त्या काळी परदेशात जाऊन खेळणारे पोर्तुगीज खेळाडू थोडेच होते. लिएजला त्यांना अर्न्स्ट हॅपेल हे प्रशिक्षक लाभले. हॅपेल यांनी १९७० मध्ये फेयेनूर्डला युरोपियन चषक जिंकून दिला होता आणि १९७८ च्या विश्वचषकात हॉलंडला अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. मातोस राष्ट्रीय संघाकडूनही खेळले, पण मोजकेच. युसेबियो किंवा फिगो यांच्या रांगेत त्यांचे नाव घेतले जात नाही, तसा कोणाचा दावाही नाही. भारतात हे नाव कानावर आले ते २०१७ मध्ये. त्या वर्षी देशात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारतीय संघाचे प्रशिक्षक तेच होते.

खेळणे थांबवल्यावर मातोस प्रशिक्षणाकडे वळले. या धंद्यात एका जागी मुळे रुजत नाहीत. दोन हंगामांनी ट्रंक भरायची आणि दुसऱ्या गावी जायचे, हा शिरस्ता. त्यांनीही तो पाळला. २००५ मध्ये व्हिटोरिया सेटुबल या क्लबचा संघ त्यांच्याकडे आला, पण क्लबची आर्थिक घडी विस्कटलेली होती आणि हंगाम अर्ध्यावर असतानाच ते बाहेर पडले. पुढे सेनेगलमध्ये त्यांनी ‘एत्वाल लुसिताना’ ही फुटबॉल प्रबोधिनी उभी केली. तिथली गुणी आफ्रिकन मुले हेरून त्यांना युरोपातल्या क्लबांसाठी तयार करायचे, हे तिचे काम. गिनी-बिसाऊ या एकेकाळच्या पोर्तुगीज वसाहतीच्या राष्ट्रीय संघाचेही ते काही काळ प्रशिक्षक होते. वरिष्ठ क्लबांमध्ये त्यांना डोळ्यांत भरणारे यश मिळाले नाही. २०१५-१६ च्या हंगामात त्यांच्याकडे असलेला युनियाओ दा मादेइरा संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला.

भारतातल्या कामाशी ज्याचे नाते थेट जुळते, तो अनुभव त्यांनी लिस्बनच्या बेनफिका क्लबात घेतला. २०१२-१३ च्या हंगामात पोर्तुगालने मोठ्या क्लबांच्या ‘ब’ संघांना दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये प्रवेश दिला, आणि बेनफिकाच्या ‘ब’ संघाची धुरा मातोस यांच्याकडे आली. यामागचा विचार साधा आहे. सतरा-अठरा वर्षांचा गुणी मुलगा क्लबच्या मुख्य संघात बाकावरच बसून राहतो, आणि कुमारांच्या स्पर्धेत त्याला तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळत नाही. दोन्हीकडे तो कुजतो. त्याला तिशीतल्या, पक्क्या हाडाच्या, कोपर मारण्यात वाकबगार असलेल्या व्यावसायिकांपुढे दर आठवड्याला उभे केले, तर वर्षभरात तो घडतो किंवा निदान कळून चुकते की घडणार नाही. अशा संघाने किती सामने जिंकले याला फारसे महत्त्व नसते. त्या वर्षी मातोस यांच्या हाताखाली खेळलेल्यांत जोआओ कॅन्सेलो होता आणि स्वीडनचा व्हिक्टर लिंडेलॉफ होता. पुढे दोघांची नावे जगभर झाली.

पोर्तुगालला हा विचार नवा नव्हता. कार्लोस केरोझ यांनी घडवलेल्या कुमार संघाने १९८९ मध्ये रियाधला आणि १९९१ मध्ये लिस्बनला वीस वर्षांखालील जगज्जेतेपद मिळवले होते. लिस्बनचा अंतिम सामना पाहायला सव्वा लाखाच्या वर लोक आले होते. फिगो आणि रुई कोस्टा त्याच संघातले. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या, म्हणजे आपल्या दोन-तीन मोठ्या जिल्ह्यांएवढ्या देशाने एवढे खेळाडू कुठून काढले, या प्रश्नाचे उत्तर कुमारांच्या मैदानांवर सापडते. तिथे आठ-नऊ वर्षांचे पोर दर आठवड्याला लीगचा सामना खेळते, आणि शिट्टी वाजवायला पंच असतो.

भारताची गोष्ट वेगळी. गोव्यावर पोर्तुगालने साडेचारशे वर्षे राज्य केले, पण तिथे फुटबॉल रुजवला तो १८८३ मध्ये शिवोलीला आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश पाद्रीने. पोर्तुगीज नावांच्या गोवेकरांनी इंग्रजांचा खेळ आपलासा केला आणि नंतर बंगालशी टक्कर घेतली. महाराष्ट्रात मुंबईखालोखाल या खेळाचे वेड आहे ते कोल्हापुरात, आणि तिथली तऱ्हा अगदी निराळी. संघांची नावे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशी. म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांनी आणि पेठांच्या मंडळांनी फुटबॉल दत्तक घेतलेला. मोसमात शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुकानांच्या फळ्या लवकर पडतात, आणि हरलेल्या पेठेत दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरही कोणी नीट बोलत नाही. प्रेमाचा तुटवडा भारतात कधीच नव्हता. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाकाठी पंचवीस-तीस चुरशीचे सामने मिळतील अशी सोय मात्र नव्हती. त्या वयोगटासाठी देशपातळीवरच्या नियमित लीग २०१५ च्या आसपास कुठे बाळसे धरू लागल्या होत्या.

सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद भारताला मिळाले, आणि यजमान म्हणून थेट प्रवेशही. भारताच्या पुरुष संघाने फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात उतरण्याची ही पहिलीच वेळ. नियमाप्रमाणे खेळाडू १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले हवे होते. जर्मनीचे निकोलाय अडाम यांनी २०१५ पासून देशभर फिरून संघ बांधायला घेतला. खेळाडूंच्या तक्रारीनंतर २०१७ च्या आरंभी ते पदावरून गेले, आणि मार्चमध्ये मातोस आले. पहिला सामना ६ ऑक्टोबरला होता. हाती उरले सात महिने.

सात महिन्यांत प्रशिक्षक काय करू शकतो? पायात चेंडू आला की मान वर करून पाहणे, चेंडू येण्याआधीच अंग अर्धे वळवून घेणे, डाव्या-उजव्या दोन्ही पायांनी पास देणे या सवयी दहाव्या वर्षी लागतात, सोळाव्या वर्षी लावता येत नाहीत. लावता येते ती शिस्त: बचावाची फळी आणि मधली फळी यांच्यातले अंतर किती ठेवायचे, चेंडू एका बाजूला गेला की दुसऱ्या बाजूच्या खेळाडूने किती पावले आत सरकायचे, चेंडू हिसकावल्यावर पहिला पास कोणाला. मातोस यांनी तेच केले. आपला संघ समोरासमोर झुंजला तर फाटेल हे ओळखून त्यांनी दाट बचाव आणि झटपट प्रतिहल्ला असा खेळ बसवला. संघाला युरोप आणि मेक्सिकोच्या दौऱ्यांवर नेले. इटलीच्या दौऱ्यात संघाने २-० असा सामना जिंकला तेव्हा ‘इटलीला हरवले’ म्हणून देशभर पेढे वाटण्याइतका आनंद झाला. तो इटलीचा राष्ट्रीय संघ नसून खालच्या श्रेणीच्या क्लबांतून निवडलेल्या मुलांचा संघ होता, हे नंतर उघड झाले. ऑगस्टमध्ये मेक्सिकोत चिलीशी साधलेली १-१ बरोबरी मात्र खरी होती, आणि तिची चर्चा त्या मानाने कमी झाली.

मातोस यांची पारख ज्या एका प्रसंगात दिसते तो गोव्यातला. संघाचे शिबिर तिथे असताना चंडीगडच्या मिनर्व्हा अकादमीच्या मुलांबरोबर सराव सामना झाला आणि राष्ट्रीय संघ १-० असा हरला. एखाद्या प्रशिक्षकाने पंचांना किंवा मैदानाला बोल लावला असता. मातोस यांनी मिनर्व्हाच्या मुलांना चाचणीसाठी बोलावले आणि त्यांतली चार संघात घेतली. त्यांतला एक होता मणिपूरच्या थौबलचा, सहा फुटांवर उंचीचा मध्यरक्षक जिक्सन सिंग. आधीच्या निवडीत त्याला जागा मिळाली नव्हती. संघाचा कर्णधार अमरजित सिंग कियाम हा त्याचा चुलतभाऊ.

एकवीस जणांच्या अंतिम संघात आठ मुले एकट्या मणिपूरची होती. मराठी नावे दोन. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा आघाडीचा खेळाडू रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो तयार झाला. दुसरा बचावपटू नमित देशपांडे, मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत न्यू जर्सीत वाढलेला. परदेशी राहणाऱ्या भारतीय मुलांचा शोध घेताना तो निवडकर्त्यांच्या नजरेत भरला. एकाला फुटबॉल पेठेने दिला, दुसऱ्याला अमेरिकेतल्या उपनगराने.

स्पर्धेआधी तीन आठवडे, १५ सप्टेंबर २०१७ ला, महाराष्ट्र सरकारने ‘मिशन वन मिलियन’ राबवले. एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा बेत. नाशिकसह गावोगावच्या शाळांत चेंडू आले, आणि कबड्डी-खो-खोच्या मैदानांवर दगडांचे किंवा दप्तरांचे गोलखांब उभे राहिले. भारताचे साखळी सामने मुळात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे होते. तसे झाले असते तर नाशिकच्या पोरांना दुपारी कसारा घाट उतरून रात्री सामना पाहून पहाटेपर्यंत घरी परतता आले असते. पण ते सामने दिल्लीला हलवले गेले, आणि नवी मुंबईच्या वाट्याला इतर देशांचे सामने आले. त्यांत स्पेन-माली उपांत्य सामनाही होता.

भारताचे सामने जिथे झाले ते दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम नाशिकला परके नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत इथेच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले होते. त्यांना नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांनी घडवले, आणि त्या घडण्याला महिने नव्हे, वर्षे लागली होती. त्याच धावपट्टीच्या आतल्या हिरवळीवर ६ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री मातोस यांची मुले अमेरिकेसमोर उभी राहिली.

तो सामना ०-३ असा गेला. तिसाव्या मिनिटाला जोश सार्जंटने पेनल्टीवर पहिला गोल केला, एक्कावन्नाव्याला दुसरा झाला. शेवटच्या टप्प्यात भारताचा बचावपटू अन्वर अली याचा फटका आडव्या खांबावर आदळून मागे आला, आणि तोच चेंडू घेऊन अमेरिकेने पलीकडच्या टोकाला तिसरा गोल केला. एका टोकाचा सुस्कारा संपायच्या आत दुसऱ्या टोकाला जल्लोष.

तीन दिवसांनी कोलंबिया. मातोस यांनी संघात बदल केले. जिक्सनला पहिल्यापासून उतरवले, नमितला बचावात जागा दिली. पूर्वार्धात भारताने कोलंबियाला रोखून धरले. मध्यंतराच्या तोंडावर राहुल कन्नोलीचा फटका खांबाला लागला. गोलरक्षक धीरज सिंग मोइरांगथेम चेंडूमागून चेंडू अडवत होता. मध्यंतरानंतर एकोणपन्नासाव्या मिनिटाला हुआन पेन्यालोझाने कोलंबियाला पुढे नेले. आणि मग ब्याऐंशीवे मिनिट. संजीव स्टॅलिनने कॉर्नर मारला. गर्दीतून एक लांबडा मुलगा वर उसळला, डोके लागले, चेंडू जाळ्यात. फिफाच्या विश्वचषकात भारताचा हा पहिला गोल, आणि तो केला जिक्सनने. स्टेडियम अक्षरशः हलले. मुले एकमेकांच्या अंगावर पडली, आणि पुन्हा रांगेत उभी राहीपर्यंत कोलंबियाने चेंडू खेळात आणला होता. त्र्याऐंशीव्या मिनिटाला पेन्यालोझाचा दुसरा गोल. बरोबरी एक मिनिट टिकली.

१२ ऑक्टोबरला घानाने ४-० ने धुतले आणि भारताची स्पर्धा संपली. तीन सामने, नऊ गोल अंगावर, एक आपल्या नावावर.

त्या नऊ गोलांची वेळ पाहिली की आकड्यापलीकडचे कळते. अमेरिकेचे गोल तिसाव्या, एक्कावन्नाव्या आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला. कोलंबियाचे एकोणपन्नासाव्या आणि त्र्याऐंशीव्याला. घानाचे त्रेचाळीसाव्या, बावन्नाव्या, शहाऐंशीव्या आणि सत्त्याऐंशीव्याला. म्हणजे तिन्ही सामन्यांत मध्यंतरानंतरच्या पहिल्या सात मिनिटांत एकेक गोल बसला, आणि ऐंशीव्या मिनिटानंतर एकूण चार. नवांपैकी सात. पूर्वार्धात शिकवलेल्या शिस्तीने संघ तग धरत होता. मध्यंतरात अंग थंड पडले की पहिली काही मिनिटे जाग यायला जात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड झाले की डोकेही जड होई. दमलेल्या पायांनी नेमकी जागा कशी धरायची हे सराव शिबिरात शिकता येत नाही. त्यासाठी जिथे हरल्याचे दुःख होते असे शेकडो सामने खेळावे लागतात. ते या मुलांच्या गाठी नव्हते. दोष मुलांचा म्हणता येत नाही आणि मातोस यांचाही.

स्पर्धा म्हणून विश्वचषक गाजला. १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक स्टेडियममध्ये आले, आणि १९८५ मध्ये चीनमध्ये झालेल्या या विश्वचषकाच्या पहिल्या स्पर्धेचा विक्रम मोडला. कोलकात्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असे हरवून चषक नेला. इंग्लंडचा फिल फोडेन सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मातोस यांचे भारतातले खरे काम त्यानंतरचे म्हणावे लागेल. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१३ मध्ये बंद पडलेला ‘इंडियन ॲरोज’ हा कुमारांचा संघ पुन्हा उभा केला आणि तो २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये उतरवला. विश्वचषकातली बहुतेक मुले त्यात होती, परदेशी खेळाडू एकही नाही. बेनफिकाच्या ‘ब’ संघाचेच हे भारतीय रूप. मोहन बागान, ईस्ट बंगालसारख्या क्लबांच्या मुरलेल्या परदेशी आघाडीवीरांना अडवायला सतरा-अठरा वर्षांची पोरे. २९ नोव्हेंबरला गोव्यात बांबोळीच्या मैदानावर पहिला सामना झाला, त्यात ॲरोजने चेन्नई सिटीला ३-० असे हरवले. दोन गोल अनिकेत जाधवचे. डिसेंबरात दिल्लीत शिलाँग लाजोंगलाही त्याच फरकाने हरवले. त्या सामन्यात नोंगडंबा नाओरेमने एकामागून एक बचावपटूंना चकवत केलेला गोल पाहून लोकांना मोठ्या नावांची आठवण झाली. हंगामअखेर संघ दहा संघांत दहावा आला. बेनफिकातला हिशेब ज्यांना ठाऊक होता त्यांना त्याचे आश्चर्य वाटले नाही.

२०१८ मध्ये मातोस मायदेशी परतले आणि ॲरोजची सूत्रे फ्लॉइड पिंटो यांच्याकडे गेली. चार वर्षांनी, २०२२ मध्ये, महासंघाने तो संघ पुन्हा बंद केला. तोवर त्यातली मुले इंडियन सुपर लीगच्या क्लबांत पांगली होती. जिक्सन आणि सुरेश वांगजाम यांनी मार्च २०२१ मध्ये वरिष्ठ राष्ट्रीय संघात पाऊल ठेवले. अन्वर अलीच्या हृदयात दोष निघाला, खेळ सुटतो की काय अशी पाळी आली, पण तो परतला. २०२३ ची दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघात तो आणि जिक्सन दोघेही होते. अनिकेतने जमशेदपूर आणि हैदराबादकडून व्यावसायिक फुटबॉल खेळला.

मातोस निघून गेले त्याच वर्षी सोळा वर्षांखालील मुलांचा दुसरा एक भारतीय संघ मलेशियात आशियाई स्पर्धा खेळत होता. त्याचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस, नाव पोर्तुगीज वळणाचे पण माणूस गोव्याचा, आणि तेही आधी खेळाडूच. त्यांची मुले अधिक काळ एकत्र होती. व्हिएतनामला त्यांनी १-० ने हरवले, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य बरोबरीत रोखले, म्हणजे साखळीत एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व सामना जिंकला असता तर पुढचा विश्वचषक यजमान म्हणून नव्हे, पात्र ठरून खेळता आला असता. दक्षिण कोरियाने तो १-० असा जिंकला.